एमआरआयमध्ये खास काही नाही, तरी कंबर दुखते आणि पायाला मुंग्या येतात. परीक्षा जवळ आली की वाढतं

नवीपेठ_ताई

नमस्कार. प्रश्न धाकट्या भावाबद्दल आहे. वय २६, पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतो. अभ्यासिकेत रोज दहा-अकरा तास बैठक, दोन्ही वेळा मेसचं जेवण, पूर्ण शाकाहारी. चार महिन्यांपासून त्रास आहे तो असा:

कंबरेच्या अगदी खालच्या भागात दुखतं. कधी डाव्या कुल्ल्यात जास्त, कधी उजव्या. डाव्या नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागापर्यंत मुंग्या येतात आणि तिथली कातडी बधिर वाटते. शिवाय रात्री अभ्यास संपवून आडवा झाला की दोन्ही हातांच्या बोटांना आणि ओठांभोवती झिणझिण्या. परीक्षेच्या आधी दोन-तीन आठवडे हे सगळं वाढतं, पेपर झाला की निम्म्याने उतरतं.

एमआरआयमध्ये एल४-एल५ ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये) हलका डिस्क बल्ज, म्हणजे गादीचा फुगवटा, नस दबलेली नाही. पायांचा एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) नॉर्मल. हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखर ठीक. बी१२ केलेलं नाही. पाच आठवड्यांपासून रात्री प्रीगॅबालिन ७५ (नसांच्या दुखण्यावरचं औषध) आणि मिथाइलकोबालामिन (बी१२चंच एक रूप) यांची एकत्र गोळी चालू आहे, दुखलं की अॅसेक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. घरी निम्मे लोक म्हणतात गादी सरकलीय, मणका बसवून घ्या. बाकीचे म्हणतात अभ्यास नको म्हणून सोंग आहे.

नस दबलेली नाही तर मुंग्या का? अजून कोणत्या तपासण्या कराव्यात? आणि अभ्यासिका सोडता येत नाही, तर रोज नेमकं करायचं काय?

---

न्यूरो_ओपीडी

ताई, आधी थांबायचं नाही अशी लक्षणं सांगतो, कारण त्यात एक दिवसही घालवू नये. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल वर उचलता न येणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होत जाणं. यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी इमर्जन्सीत जायचं. ताप, रात्री घाम, कारण नसताना वजन उतरणं, आडवं पडूनही न थांबणारं दुखणं, हे असेल तर त्याच आठवड्यात दाखवायचं. आपल्याकडे मणक्याचा टीबी आजही दिसतो.

आता मुद्दा. तुम्ही हे एक दुखणं म्हणून लिहिलंय, मला त्यात तीन वेगळी दुखणी दिसतात. ‘टेन्शन’ हा शब्द तिन्हींवर एकदम टाकला की तिन्ही तशीच राहतात.

पहिलं, कुल्ल्याचं दुखणं जे कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पंचविशीच्या आसपासच्या मुलात हे ऐकलं की माकडहाडाच्या वरच्या सांध्याची, म्हणजे सॅक्रोइलियाक सांध्याची सूज मनात यायलाच हवी. त्याला हे विचारा: सकाळी उठल्यावर ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त राहतो का? पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते का? बसून वाढतं आणि हिंडल्यावर कमी होतं का? टाच दुखते का, डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, सोरायसिस (कातडीवर खपल्यांचे चट्टे) आहे का? अॅसेक्लोफेनॅक घेतल्यावर एक-दोन दिवसांत अगदी ठळक फरक पडतो का? दोन-तीन ‘हो’ आले तर ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि एचएलए-बी२७ (अशा संधिवाताकडचा कल दाखवणारी) करून संधिवाततज्ज्ञांना दाखवा. कंबरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये हे सांधे नीट येत नाहीत, त्यांचा वेगळा एमआरआय मागावा लागतो. त्यामुळे ‘एमआरआय नॉर्मल’ याचा अर्थ ‘जेवढं बघितलं तेवढं नॉर्मल’ इतकाच.

दुसरं, नडगीच्या बाहेरून पावलाच्या वर जाणाऱ्या मुंग्या. हा पट्टा कंबरेतून निघणाऱ्या एल५ नसेचाही असतो आणि गुडघ्याच्या बाहेर, पोटरीच्या हाडाच्या डोक्याला वळसा घालून जाणाऱ्या पेरोनिअल नसेचाही. तिथे ती नस जवळजवळ कातडीखालीच असते. तासन्‌तास मांडी घालून, उकिडवं किंवा पायावर पाय टाकून बसलं की ती तिथे चेपली जाते. गुडघ्याच्या बाहेरचं ते गोल हाड हाताला लागतं. त्याच्या किंचित खाली बोटाने हलकं टिचकून बघा. करंट पावलाकडे गेला तर संशय पक्का होतो. एनसीव्हीच्या रिपोर्टमध्ये पेरोनिअल नसेचं मापन त्या हाडाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे केलंय का ते पाहा. फक्त घोट्याजवळ केलेलं असेल तर हा दाब निसटू शकतो.

खोकलं, शिंकलं की कंबरेतून पायात सणक जात असेल, तर मात्र पारडं एल५ कडे झुकतं.

तिसरं, रात्रीच्या हातांच्या आणि ओठांच्या झिणझिण्या. ओठ आणि दोन्ही हात एकाच वेळी, हे कंबरेच्या मणक्यातून येऊच शकत नाही. ताणात माणूस नकळत छातीच्या वरच्या भागाने भरभर श्वास घेतो, मध्येच मोठे उसासे टाकतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा चटकन पेटतात. मुंग्या खऱ्याच असतात, फक्त त्यांचं मूळ श्वासात असतं. तरी एकदा रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, तिथली कमतरताही असंच करते.

यासोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी१२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड). एक अडचण सांगून ठेवतो. पाच आठवडे मिथाइलकोबालामिन घेतल्यावर बी१२चा आकडा छानच येणार, त्यावरून ‘कमतरता नव्हती’ असं ठरवू नका. सीबीसीतला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार बघा, बी१२ कमी असेल तर तो वाढतो; लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून जुनी खूण काही काळ टिकते. पण लोहही कमी असेल तर पेशी लहान होतात, म्हणून एमसीव्ही मधेच कुठेतरी दिसतो आणि फसवतो. केसांसाठी बायोटिन घेत असेल तर टीएसएचच्या आधी दोन दिवस बंद ठेवायचं, नाहीतर आकडा चुकतो.

---

नवीपेठ_ताई

खूप आभार. विचारून सांगते: सकाळचा ताठरपणा दहा मिनिटांत जातो, पहाटे जाग येत नाही. टाच, डोळा, कातडी ठीक. खोकल्यावर सणक नाही. रात्री खोलीवर लोखंडी कॉटवर मांडी घालून दीड-दोन तास वाचतो, आणि टिचकून बघितल्यावर डावीकडे करंट गेला! वजन चार महिन्यांत ४ किलो उतरलंय, पण मेसचं रात्रीचं जेवण बरेचदा चुकवतो. ताप नाही. गादी सरकली का, हा प्रश्न मात्र घरात अजून चालूच आहे.

---

न्यूरो_ओपीडी

टिचकीचं उत्तर बोलकं आहे. वजन उतरल्यावर त्या नसेभोवतीची चरबीची गादी पातळ होते आणि ती आणखी लवकर चेपली जाते, दोन्ही जुळतंय. पण ४ किलोचं कारण ‘जेवण चुकवतो’ असं आपणच ठरवून मोकळं होऊ नका. ईएसआर, सीआरपी कराच. महिनाभर वेळेवर जेवूनही वजन परत चढलं नाही तर फिजिशियनना दाखवा.

गादीबद्दल. मणक्यातली गादी साबणासारखी घसरून बाहेर येत नाही, ती दोन्ही मणक्यांना घट्ट जोडलेली असते. बल्ज म्हणजे तिचा काठ थोडा फुगणं. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून, काहीही दुखत नसलेल्या ३११० लोकांचे स्कॅन पाहिले गेले. विशीतल्या ३० टक्क्यांत बल्ज होता, चाळिशीत ५० टक्क्यांत, ऐंशीत ८४ टक्क्यांत. हा आकडा घरच्यांना वाचून दाखवा. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य दिवसातून चारदा कानावर पडलं की माणूस वाकायलाच घाबरतो, आणि न वाकल्याने कंबर आणखी आखडते. मणका ‘बसवून’ घेण्याच्या वाटेला जाऊ नका. मानेला झटका देणाऱ्यांकडे तर अजिबातच नाही, तिथे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका असतो.

---

फिजिओ_कोथरूड

अभ्यासिकेचं मी सांगते. तिथली खुर्ची बहुधा प्लॅस्टिकची, बैठक मागे उतरती, आणि कप्पा इतका अरुंद की पाय लांब होत नाहीत. खुर्ची बदलता येत नाही असं धरूनच चालू.

हात पुसायचा टॉवेल घट्ट गुंडाळून, मनगटाएवढा जाड करून, पट्ट्याच्या जरा वर कंबरेच्या खळग्यात ठेवायचा. जाड उशी नको, ती माणसाला पुढे ढकलते आणि बसणारा खुर्चीच्या काठावर येतो. तळवे पूर्ण जमिनीला. पोचत नसतील तर जुन्या गाइडांचा गठ्ठा बांधून पायाखाली. पुस्तक सपाट ठेवून मान घालून वाचण्यापेक्षा तिरक्या स्टँडवर. मागच्या खिशातलं पाकीट बसण्याआधी काढायचं. पट्टा घट्ट असेल तर एक भोक सैल. मांडी घालणं आणि पायावर पाय टाकणं सहा आठवडे पूर्ण बंद, डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू कॉटच्या लोखंडी कडेला टेकता कामा नये. मुंग्यांवर यापेक्षा मोठं औषध नाही. यात अर्धवटपणा चालत नाही: दिवसभर पाळलं आणि रात्री दोन तास मांडी घातली की सगळं मूळ पदावर.

ताठ बसण्याचा अट्टहास नको. अमुक एक बैठक बरोबर असं काही नसतं, एकाच बैठकीत अडकणं वाईट. दर ३०-३५ मिनिटांनी उठून दोन मिनिटं. पाणी भरून आणा, जिन्याच्या चार पायऱ्या चढा-उतरा. मोबाइलचा गजर थरथरता ठेवा, नाहीतर शेजारचे वैतागतात. पाण्याची बाटली छोटी ठेवली तर उठणं आपोआप होतं.

चालणं: तीन दिवस त्याला न दुखता किती मिनिटं चालता येतं ते लिहायला सांगा, सरासरी काढा, त्याच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात. समजा २० मिनिटं आली, तर १६ मिनिटं, रोज. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढ. सगळ्यांची चूक इथेच होते. बरं वाटलं त्या दिवशी उत्साहाने पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून तळजाईपर्यंत, मग दोन दिवस आडवं, आणि निष्कर्ष काय, तर ‘चालण्याने वाढतं’. बऱ्या दिवशीही ठरलेलीच मिनिटं आणि वाईट दिवशी निम्मी, पण शून्य कधीच नाही. सारसबागेच्या बाजूला सकाळी सपाटीवर चालावं, टेकडी दीड महिन्याने. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या वॉकबॅक चाचणीत कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांना घेतलं होतं. त्यातल्या अर्ध्यांना मार्गदर्शनासह टप्प्याटप्प्याने चालायला लावलं, त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांच्यात ११२ दिवस. खर्च बुटांचा.

व्यायाम तीनच, सकाळी दहा मिनिटं. हातापायांवर ओणवं होऊन पाठ वर कमानदार आणि खाली सैल, ८ वेळा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, ५ सेकंद धरून १० वेळा. ओणव्यातच एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं, दोन्हीकडे ६-६. श्वास रोखायचा नाही.

नसेसाठी: खुर्चीवर बसून डावा गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली. हळू, १० वेळा, दिवसातून दोनदा. ही सरक आहे, ताण नव्हे. पाय भिंतीला लावून ‘मागची शीर मोकळी’ करायला जोरात खेचतात, त्याने चिडलेली नस आणखी चिडते. थांबल्यावर मुंग्या पाच मिनिटांहून जास्त राहिल्या तर वेळा निम्म्या करा.

दर रविवारी दोन चाचण्या, वहीत तारखेसह: टाचांवर दहा पावलं, आणि एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उभं राहणं. डावं पाऊल आपटायला लागलं किंवा अंगठा वर उचलायला कमी पडला तर व्यायाम थांबवून सरळ डॉक्टरकडे.

शेकायची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं, फक्त कंबरेला. नडगीवर जिथे बधिर आहे तिथे नको, चटका बसलेला कळत नाही. स्कूटरवर फूटबोर्डवर बॅग ठेवून पाय फाकवून बसत असेल तर बॅग पाठीवर घ्या, आणि टायरमधली हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. कडक टायर प्रत्येक खड्डा थेट कंबरेत पोचवतो.

---

औषधी_गल्ली

गोळ्यांबद्दल थोडक्यात, फार्मासिस्ट म्हणून. प्रीगॅबालिन चिठ्ठीशिवाय परस्पर चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. गुंगी, तोल जाणं, पावलांना सूज, वजन वाढणं, आणि अभ्यास करणाऱ्यासाठी सर्वांत वाईट म्हणजे डोकं जड राहणं. सायटिकासाठी (कंबरेतून पायात उतरणारं नसेचं दुखणं) ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने पायाचं दुखणं साध्या दिखाऊ गोळीपेक्षा कमी झालं नाही. तरी एकदम बंद करू नका, झोप उडते आणि अस्वस्थता वाढते. कमीत कमी आठवडाभरात उतरवत आणतात, तेही डॉक्टरांना विचारून.

‘नसांच्या’ गोळ्यांचं पाकीट उलटं करून बी६, म्हणजे पायरीडॉक्सिन किती आहे ते वाचा. मल्टिव्हिटॅमिन, नसांची गोळी आणि प्रोटीन पावडर असं तिन्हीकडून महिनोन्‌महिने साठलं तर जादा बी६नेच मुंग्या येतात. अॅसेक्लोफेनॅक रिकाम्या पोटी नको, आणि मेस चुकवणारा मुलगा नेमकं तेच करत असणार. रोज लागायला लागली तर डॉक्टरांना सांगा. अॅसिडिटीच्या गोळ्या रोजच्या झाल्या की बी१२ शोषणं आणखी घटतं, तेव्हा जेवण आधी. दूध-दही मिळून रोज अर्धा लिटर, नाहीतर डॉक्टर सांगतील तशी बी१२ची गोळी.

---

मनआणिवेदना

ताई, ‘सोंग आहे’ या शब्दाबद्दल लिहायचं आहे, कारण चालू असलेलं दुखणं त्याने खरोखर वाढतं.

वेदना मेंदू ठरवतो, आणि ठरवताना फक्त कंबरेकडून आलेला निरोप बघत नाही. झोप किती झाली, धोका किती वाटतोय, गेल्या वेळी काय झालं होतं, हे सगळं त्यात धरतो. परीक्षेच्या आधी झोप पाच तासांवर येते, कंबरेचे आणि मानेचे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात, लक्ष सारखं त्या जागी जातं. मग पूर्वी ज्या निरोपाकडे मेंदू दुर्लक्ष करायचा, त्यालाच तो मोठ्याने वाचतो. जागतिक वेदना संघटनेने २०१७ साली अशा वेदनेला नॉसिप्लास्टिक हे स्वतंत्र नाव दिलं. ऊतींना इजा नसताना, नस तुटलेली नसताना, वेदनेची यंत्रणाच जास्त जागी राहते ती ही. त्याच्या बाबतीत नसेवरचा थोडा दाब आणि ही जागी यंत्रणा, दोन्ही असू शकतं. एक सापडलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जुन्या कंबरदुखीच्या १५१ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. वेदनेचा अर्थ नव्याने शिकवणारी चार आठवड्यांची थेरपी घेतलेल्यांपैकी ६६ टक्के जवळपास वेदनामुक्त झाले, नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांपैकी १० टक्के. थेरपीचा गाभा घरी करता येतो. दुखायला लागलं की त्याने घाबरून तपासायचं नाही, नाकारायचंही नाही. एक मिनिट त्या जागेकडे लक्ष देऊन स्वतःला नेमक्या शब्दांत सांगायचं: ‘इथे जळजळतंय. डॉक्टरांनी तपासलंय, धोका नाही.’ मग जे काम चालू होतं तेच पुढे. हे मोठ्या दुखण्यात सुरू करू नये, फसतं; दहापैकी तीन-चार दुखत असताना सराव करायचा.

श्वासाचं: रात्री आडवं झाल्यावर एक हात छातीवर, एक पोटावर. ४ सेकंद नाकाने आत, ६ सेकंद बाहेर, पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ नाही. १० मिनिटं. ‘दीर्घ श्वास घे’ असं सांगितलं की मुलं खूप मोठा श्वास ओढतात आणि झिणझिण्या वाढतात. श्वास मोठा नको, संथ हवा. ओठांच्या मुंग्या पाच-सात मिनिटांत उतरल्या तर त्याला कारण स्वतःच्या अंगावर कळतं, आणि त्याचा धीर कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त असतो.

चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचएक तास लागतात, टिळक रोडवरचा रात्री दहाचा चहा पहाटेपर्यंत अंगात असतो.

आणि घरच्यांनी फोनवर ‘आज किती दुखतंय?’ हा पहिला प्रश्न विचारू नये. आधी जेवलास का, आज फिरून आलास का. दुखण्याची चौकशी आठवड्यातून एकदा, रविवारी वही बघताना. त्याच्या बोलण्यात ‘आता काही उरलं नाही’ असा सूर आला तर थांबू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

---

नवीपेठ_ताई

सगळं लिहून घेतलं, त्याला पाठवलंय. मांडी आजपासून बंद. शेवटचं एक: पेपरच्या दिवशी दोन-दोन तास उठता येत नाही, तेव्हा काय करायचं?

---

फिजिओ_कोथरूड

दोन आठवडे आधीपासून रोज एकदा दोन तासांचा सराव पेपर, न उठता. त्या दिवशी पहिल्यांदाच करायला गेलं की कंबर हमखास धरते. बसल्या जागी दर २० मिनिटांनी: दोन्ही टाचा दाबून कुल्ले पाच सेकंद आवळून सोडणं, वजन एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर, घोटे दहा वेळा वर-खाली. पर्यवेक्षकांच्या लक्षातही येत नाही. टॉवेल आत नेऊ देत नसतील तर स्वेटर कमरेला बांधून जायचं, गाठ पुढे, मागे तीच घडी खळग्यात बसते. दोन पेपरांमधल्या वेळेत पायरीवर बसून उत्तरं ताडायची नाहीत, आवारात दहा मिनिटं चालायचं. नवीन गोळी त्या दिवशी पहिल्यांदा घ्यायची नाही.

---

न्यूरो_ओपीडी

मांडी बंद करून सहा आठवड्यांनी नडगीचा बधिर पट्टा किती लांब आहे ते पेनाने आखून फोटो काढून ठेवा, आणि आजचाही एक काढा. पट्टा आखडत गेला तर नसेची पुढची तपासणी नको. तेवढाच राहिला किंवा वाढला, तर हे दोन फोटो आणि रविवारची वही घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा, आणि पेरोनिअल नसेचं मापन हाडाच्या वर-खाली करून मागा. खर्च परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी लवकर केस पेपर काढा, जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या.